आई-बाबा, मॅरेथॉन झाली, आता तुम्ही या

माहीम,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो आपण, पण फोनवर काय होतं, आई विचारते जेवलीस का, बाबा विचारतात पाय कसे आहेत, मी म्हणते बरे आहेत, आणि तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी होते नाहीतर इकडे माझी लोकल येते आणि बाकीचं सगळं राहून जातं. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय, आणि जरा मोठं लिहिणार आहे. आई, तू दुपारी चहाच्या वेळेला बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

आधी पायांचं सांगते म्हणजे काळजी मिटेल. पाय आता एकदम मस्त आहेत. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं झालंय, ते हळूहळू पडेल आणि नवीन येईल, पळणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं असं, त्यावर हळद वगैरे लावायची गरज नाहीये आई. पहिले काही दिवस मात्र खरंच अवघड होते, आणि गंमत म्हणजे जिने चढायला काही नाही, उतरायला त्रास. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी अख्खं वजन झेलतो म्हणून तो जास्त दुखावतो, आणि हे दुखणं त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. मंगळवारी चर्चगेटच्या सबवेत मी कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरत होते आणि माझ्या पुढेच एक पन्नाशीचे गृहस्थ अगदी तसेच उतरत होते. त्यांनी मागे वळून नुसतं विचारलं, फुल का हाफ? मी म्हटलं फुल. त्यांनी तिथेच थांबून शेकहँड केला, आणि मग आम्ही दोघं आपापला कठडा धरून खाली गेलो. ऑफिसला पोचेपर्यंत मला इतकं छान वाटत होतं ना!

बाबा, तुम्ही रूट विचारत होतात तो फोनवर नीट सांगताच आला नाही. सीएसएमटीसमोरून पहाटे अंधारातच सुरुवात होते, मग मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी आणि तिथून सी लिंक. तो ५.६ किलोमीटरचा पूल एरवी फक्त गाड्यांसाठी, पायी कुणाला सोडतच नाहीत, अशी एखादी शर्यत असेल तरच तिथे आपल्या पायांनी जाता येतं. मी तिथे पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं, दोन्ही बाजूंना पाणी, वर त्या मोठ्या केबल्स, आणि हजारो माणसं असून गाडी एकही नाही, त्यामुळे फक्त बुटांचा आवाज येत होता. पूल उतरून वांद्र्याकडून परत माहीमला आले तर आमच्या तळमजल्याच्या काकू रस्त्याच्या कडेला संत्री सोलून ताट घेऊन उभ्या! फक्त माझ्यासाठी नाही, येईल त्याच्या हातात फोड ठेवत होत्या. पुढे शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, सगळीकडे लोक असेच उभे होते, कुणी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, कुणी चिक्की, कुणी पायावर स्प्रे मारायला, आणि लहान मुलं टाळी द्यायला हात पुढे करून. ओळख ना पाळख, तरी छातीवरच्या बिबवरचं, म्हणजे नंबराच्या कागदावरचं, नाव वाचून हाक मारतात. ही मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, मधली दोन वर्षं कोविडमुळे झाली नाही, आणि यंदाची विसावी होती, म्हणजे या लोकांचाही आता तो वर्षाचा सणच झालाय.

पेडर रोडचा चढ जाताना लागतो तेव्हा अंधार असतो आणि पाय ताजे असतात, कळतच नाही. येताना तोच चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास लागतो, ऊन चढलेलं असतं आणि अंगावर मीठ साचलेलं असतं. तिथे चालायचं हे मी आधीच ठरवलं होतं, आमच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांनीच सांगितलेलं. तर चालले. आणि बाबा, चालले म्हणून मला मंगेशकरांचं घर, प्रभुकुंज, दिसलं. इतक्या वेळा त्या रस्त्याने टॅक्सीतून गेलेय, अंधारात पळतही गेले, पण नीट मान वर करून बघितलं ते तेव्हाच. तुम्ही नेहमी सांगता ना की मंगेशकर मंडळी आधी आपल्या सांगलीत राहायची, ते आठवलं आणि काय माहीत, डोळ्यांत पाणीच आलं, थोडं दमल्यामुळे असेल पण नुसतं तेवढंच नव्हतं. मग पुढे उतार आला आणि परत पळायला लागले. एकूण ४२.१९५ किलोमीटरला पावणेसहा तास लागले, आणि मला ते पावणेसहा तास मनापासून आवडतात.

आता हे झालं शर्यतीचं, पण मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं.

मेडल घरी आणून खिळ्याला लावलं, सगळ्यांचे मेसेज येऊन गेले, आणि मग त्या आठवड्याच्या शेवटी एकदम रिकामं वाटायला लागलं. म्हणजे दुःख वगैरे नाही, पण कितीतरी महिने आयुष्याला टाइमटेबल होतं, मंगळवार-गुरुवार छोटे रन, रविवारी लाँग रन, शनिवारी रात्री लवकर जेवून झोपायचं, कुणाच्या लग्नाला गेलं तरी दहाला निघायचं, आणि आता एकदम काहीच नाही. पहाटे सव्वाचारला जाग येते आणि करायचं काही नसतं. ग्रुपवर लिहिलं तर सगळेच म्हणाले हो असं होतंच, लगेच पुढच्या रेसचं नाव नोंदवू नकोस, निदान दोन-तीन आठवडे शरीराला भरून येऊ दे, तोवर चाल. म्हणून मी चालायला लागले, आणि टायमर न लावता, घड्याळ न बघता चालायला लागले ना, तर हे शहर मला आत्ता कुठे भेटतंय असं वाटतंय. इतकी वर्षं इथे राहतेय पण घर, स्टेशन, ऑफिस, आणि गेल्या वर्षीपासून शिवाजी पार्क ते मरीन ड्राइव्ह, एवढंच माझं मुंबई होतं.

पहिल्यांदा गेले ते काळा घोडा फेस्टिव्हलला, ऑफिसपासून जवळच आहे. तिथे २०१७ साली बसवलेला काळा घोडा आहे, त्यावर स्वार नाहीये, नुसता घोडा. मग बाबा, तुमचं ते आठवलं, लहानपणी मुंबईला आणलं होतंत तेव्हा तुम्ही सांगितलेलं की खरा काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा आणि तो १९६५ साली तिथून उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलाय. म्हटलं चला, त्यालाच भेटून येऊ, आणि शनिवारी भायखळ्याला राणीच्या बागेत गेले.

आणि तिथे दुपार कशी गेली मला कळलंच नाही. घोडा आहेच, राजासकट, चांगला दणदणीत, पण तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं. इंग्रजांनी १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, ते तुकडे पुढे १९१४ साली परत जोडले. मी अगदी जवळ जाऊन बघितलं, दगड झिजलेला, अंगावर काळे डाग, पावसा-पाण्याने सगळी नक्षी बोथट झालेली, पण उभा आहे बघा अजून. शेजारच्या बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि त्याच्याकडे बघत बसले. बाबा, तुम्ही असतात तर तुम्हाला तिथून उठवायला मला तास लागला असता. संग्रहालय पण बराच काळ बंद होतं ते आता परत उघडलंय, १८७२ सालची इमारत, आत सोनेरी खांब आणि छत, आणि काचेच्या कपाटात वेगवेगळ्या जातीजमातींची मातीची एवढी-एवढीशी माणसं, प्रत्येकाची पगडी वेगळी. आई, तुला पगड्या बघत बसायला आवडेल. आणि पेंग्विन! तू टीव्हीवर बघून म्हणाली होतीस ना की हे इथल्या उकाड्यात कसे राहतात, तर त्यांना थंडगार काचेची खोली केलीये आणि लहान मुलं काचेला नाक लावून उभी असतात.

मुख्य म्हणजे तिथे सगळं सपाट आहे, जुनी मोठी झाडं आहेत, सावली आहे आणि थोड्या-थोड्या अंतरावर बसायला बाक आहेत. मी ते मुद्दाम बघत होते, बाबांसाठी.

बाबा, आता जरा रागावू नका, ऐका. तुम्ही गावभागातून हरिपूरपर्यंत चिंचेच्या झाडांखालून चालत जायचात, संगमावर जाऊन पाय धुवून परत यायचात, आणि येताना कोपऱ्यावर मला भडंगाची पुडी घ्यायचात. गुडघा दुखायला लागल्यापासून तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत जाता आणि तिथून परत येता, आई सांगते मला सगळं. डॉक्टरांनी तर तुम्हाला सपाट रस्त्यावर रोज थोडं थोडं चालायलाच सांगितलंय, पण तुम्हाला असं वाटतं की पूर्वीसारखं भराभर जमत नाही तर मग कशाला जायचं. मी त्या पेडर रोडवर भरउन्हात चाललेय बाबा. माझ्या आजूबाजूला तुमच्या वयाची माणसं होती, कुणी पाच मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं असं करत होती, कुणी नुसतं चालत होती, आणि शेवटच्या दोरीपलीकडे सगळ्यांना एकच मेडल. मला तुम्हाला शर्यतीला नाही न्यायचंय. मला तुमच्यासोबत हळूहळू चालायचंय, बस्स, तुम्ही थांबाल तिथे थांबायचंय. गेली कित्येक वर्षं मी सांगलीला येते ती दोन दिवसांची, त्यात एक दिवस झोपण्यात आणि एक नातेवाइकांत जातो.

म्हणून तुम्ही दोघं इथे या. मी सगळं बघून ठेवलंय.

शुक्रवारी २१ तारखेच्या रात्रीची महालक्ष्मी, दोन्ही लोअर बर्थ, शनिवारी सकाळी मी दादरला प्लॅटफॉर्मवर उभी असेन. आई, स्टेशनातून बाहेर पडल्या-पडल्या फुलबाजार आहे, सकाळी तिथे शेवंती, अॅस्टर, निशिगंध सगळं ढिगांनी असतं, जमीन ओली असते त्यामुळे माझा हात धरायचा, पण एकदा बघच, आणि पूजेची फुलं तिथूनच घेऊन घरी जाऊ. त्या दिवशी आराम. संध्याकाळी वाटलं तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसू आणि दादरला साबुदाणा वडा, पीयूष. रविवारी राणीची बाग, कारण बुधवारी ती बंद असते आणि तोवर तुम्ही परत गेलेले असाल. सोमवारी मी सुट्टी टाकलीये, सीएसएमटीवरून ती नवी एसी डबलडेकर मिळते, बाबा, तिच्यात वरच्या मजल्यावर पुढची सीट धरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत जाऊन येऊ, जुन्या लाल डबलडेकर २०२३ साली गेल्या तेव्हा तुम्हाला किती वाईट वाटलं होतं. जिना चढवेल ना बघू, नाही तर खाली बसू, त्यात काय एवढं. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या मात्र लांबूनच बघायच्या, त्या तीसच्या तीस आहेत. शिवडीला फ्लेमिंगो आलेत म्हणतात, पण ते भरती-ओहोटीची वेळ साधली तरच जवळून दिसतात आणि रस्ता खडबडीत आहे, तर ते राहू दे, जमलं तर जमलं. नाटकाचं बघतेय, शिवाजी मंदिरला काही चांगलं लागलं तर तिकिटं काढून ठेवते, सांगलीच्या माणसाला मुंबईत आणून नाटक नाही दाखवलं असं नको व्हायला.

आणि आई, तुझं काय ते मला माहितेय, बुधवारी २६ ला महाशिवरात्र आहे आणि तुला हरिपूरला संगमेश्वराला जायचंच असणार. मंगळवारी रात्रीच्या महालक्ष्मीत बसवते, बुधवारी सकाळी घरी, आंघोळ करून सरळ देवळात. फ्रीजमधलं दूध वहिनीला देऊन या, कुंड्यांना पाणी शेजारचे घालतील, मी त्यांना फोन केलाय आधीच. इकडे येताना सामान कमी आणा, पापड-लोणची नकोत, भडंग मात्र दोन पाकिटं आणा, एक तळमजल्याच्या काकूंना द्यायचंय.

बाबांच्या चपला नकोत, चालायचे चांगले बूट मी इथून घेऊन ठेवणार आहे, टाचेखाली जाड मऊ तळ असलेले. त्यासाठी आई एक काम कर, वहीचा कागद फरशीवर ठेव, त्यावर बाबांना उभं कर, बसून नाही, उभं राहूनच, आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखून घे. हे संध्याकाळी कर, सकाळी नको, संध्याकाळपर्यंत पाय जरा फुगलेले असतात आणि बूट त्या मापाचाच लागतो. मग टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीने मोजून आकडा त्याच कागदावर लिही आणि फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाक. उद्याच टाक, म्हणजे ऑफिस सुटल्यावर दुकानात जाऊन येते.

तुमची,
मनू