मारणाऱ्यांना चेहरा नाही

महोदय,
युद्धाच्या बातम्यांसोबत क्षेपणास्त्रांची दिमाखदार छायाचित्रे छापली जातात, ते मला फार खुपते. चित्रकलेच्या तासाला मी मुलांपुढे स्पॅनिश चित्रकार गोयाचे ‘३ मे १८०८’ हे चित्र ठेवते. फ्रेंच सैनिक पकडलेल्या स्पॅनिश लोकांना गोळ्या घालत आहेत, असा तो प्रसंग. जमिनीवरच्या कंदिलाचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या, हात उंचावलेल्या माणसावर पडलेला. गोळ्या झाडणारे पाठमोरे, एकाचाही चेहरा दिसत नाही. त्या माणसाच्या उजव्या तळहातावर क्रुसावरच्या येशूच्या हातावरील खिळ्याच्या व्रणासारखी खूण आहे. ती बहुतेक वेळा मुलेच शोधून काढतात आणि मग त्यांचे प्रश्न थांबत नाहीत. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याच्या कविता वाचताना तर माझाच आवाज अडतो. ४ नोव्हेंबर १९१८ला तो मारला गेला, २५ वर्षांचा. युद्धविरामाला आठवडाच उरला होता! रविवारच्या पुरवणीत अशा चित्र-कवितांना जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

- एक चित्रकला शिक्षिका