बोन्साय टीव्हीशेजारी नको, गॅलरीत हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सजवलेल्या दिवाणखान्याचा फोटो पाहिला. टीव्हीशेजारी, एसीच्या बरोबर खाली वडाचं बोन्साय! फोटोपुरतं मांडलं असेल तर हरकत नाही. पण कुणी ते कायमचंच तिथे ठेवलं तर काय होतं, ते मी अनुभवलंय.

निवृत्तीच्या वेळी शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला फायकसचं (वडाच्याच कुळातलं झाड) बोन्साय दिलं. 'घरात कुठेही ठेवा,' असं विकणाऱ्याने सांगितलेलं. महिनाभरात निम्मी पानं पिवळी पडून गळाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घालत गेले. दिंडोरीचा माझा धाकटा भाऊ द्राक्षबागायतदार. त्याने मातीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "ताई, हा तर चिखल झालाय. झाड तहानलेलं नाही, उपाशी आहे. ऊन दाखव त्याला."

खिडकीपासून पाच-सहा फूट आत आलं की उजेड किती घटतो, हे आपल्याला कळतच नाही, कारण आपले डोळे जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. उजेड कमी, म्हणजे पाण्याचा खपही कमी. मग मुळं कुजतात. त्यात एसीची कोरडी हवा.

मी भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे गॅलरी निवडताना सूर्याचा हिशेब मांडलाच. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर. साधारण 20 मे ते 23 जुलै या काळात दुपारी बारा-साडेबाराचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मेअखेरच्या काहिलीत वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत भर दुपारचं ऊन येत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि तेच ऊन चांगलं आतपर्यंत पोचतं. पूर्वेची गॅलरीही उत्तम, सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधाच. दोन-तीन इंच खोल ट्रेमधली मुळं तापलेल्या भिंतीजवळ अक्षरशः भाजतात. ट्रे लादीवर न टेकवता विटांवर ठेवावा. पावसाळ्यात पाणीही तुंबत नाही.

आतलं झाड एकदम उन्हात नेऊ नका, पानं करपतात. आठ-दहा दिवस हळूहळू सवय करा. एकदा जागा ठरली की रोज हलवाहलव नको. फायकस तेवढ्यानेही रुसून पानं टाकतं. फक्त आठवड्याला ट्रे पाव फेरा फिरवावा. (बोन्साय घरात अशुभ, असं शेजारच्या काकू सांगतात. गॅलरीत ठेवलं की तोही वाद मिटतो.)

जपानमध्येसुद्धा ही झाडं बाहेरच वाढतात. पाहुण्यांसाठी काही दिवस आत मांडतात आणि परत नेतात. आमचं फायकसही गौरींच्या आरासीला तीन दिवस घरात येतं. विसर्जन झालं की परत आपल्या विटांवर.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक