वर्षाचा हिशेब मांडून देणाऱ्या मावशींना अनावृत आभारपत्र

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची फी मी या जूनमध्ये कोणाकडून उसने न घेता, मुदत पुरी झालेल्या ठेवीतून भरली. ती ठेव कोठे, किती रुपयांची आणि कोणत्या महिन्यात सुरू करायची हे तुम्ही ठरवून दिले होते, म्हणून आभाराचे हे पत्र. ते अनावृत लिहिण्याचे कारण असे की, कोकणातून, मराठवाड्यातून मुंबईत येऊन स्वतःच्या कमाईवर शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांना प्रवेशाचा अर्ज कसा भरावा हे सांगणारे जागोजागी भेटतात, परंतु वर्ष कसे काढावे हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

गेल्या जूनमध्ये मी तुमच्याकडे आले ती पोस्टात महिना हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू करायला. लालबागच्या आपल्या चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची पासबुके तुमच्या पिशवीत असतात आणि महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट म्हणून दर महिन्याचा हप्ता तुम्ही दारोदार फिरून गोळा करता, त्यामुळे तुम्ही लगेच फॉर्म पुढे कराल अशी माझी कल्पना होती. तुम्ही मात्र आधी माझी मिळकत विचारली. शिकवण्यांचे महिना ११,००० रुपये येतात आणि कॉटचे भाडे ३,५००, खानावळीचे ४,०००, प्रवासाचे ७००, मोबाइलचे ३०० व किरकोळ १,३०० असे ९,८०० जातात, तेव्हा १,२०० उरतात, असे मी सांगितले. हिशेब चुकलेला नव्हता. तुम्ही फक्त एवढेच विचारले की, असे महिने वर्षातून किती?

शाळांच्या शिकवण्या जून ते मार्च चालतात. एप्रिल-मे या दोन महिन्यांत मुले गावी जातात आणि शिकवणीचा एक रुपयाही येत नाही. कॉट आणि खानावळ मात्र चालूच राहतात. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही याच सुमारास असतात, म्हणून त्या दोन महिन्यांत ना गावी जाऊन खर्च वाचवता येत, ना दुसरे काम धरता येत. तुम्ही माझ्यासमोर वहीत जूनपासून मेपर्यंत बारा रकाने आखले. विद्यार्थ्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि सरकारसारखे एप्रिलमध्येही नाही, हे तुमचे म्हणणे मला तेव्हाच पटले. दहा महिन्यांची शिल्लक १२,००० रुपये झाली. एप्रिल-मेचा खर्च १९,६००, पुढच्या जूनची फी परीक्षा शुल्कासह ९,०००, पुस्तके व झेरॉक्स २,५०० आणि गणपतीला गावी जाण्या-येण्याचे व घरी न्यायच्या वस्तूंचे २,५०० मिळून ३३,६०० रुपये झाले. महिन्याकाठी १,२०० उरतात असे ज्या मिळकतीबद्दल मी सांगत होते, तिला वर्षाच्या शेवटी २१,६०० रुपये कमी पडत होते. ही तूट भरून काढणारे एकच साधन होते, ते म्हणजे दिवाळी अंकांच्या मुद्रितशोधनाचे सुमारे २५,००० रुपये. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तर वर्षभरात हाती राहणार होते ३,४००.

त्यानंतर तुम्ही पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे नियम समजावून दिलेत, तेही ठेव न उघडण्यासाठी. ती पाच वर्षांची, साठ हप्त्यांची असते. तीन वर्षे होण्यापूर्वी ती मोडता येत नाही आणि नंतर मोडली तरी बचत खात्याच्याच दराने व्याज मिळते. चुकलेल्या हप्त्यावर शंभरामागे एक रुपया दंड बसतो आणि हप्ते चुकतच गेले तर खाते बंद पडते. दर एप्रिल-मेमध्ये मिळकत थांबणाऱ्या, दोन वर्षांनी कोठे असेन हे ठाऊक नसलेल्या मुलीसाठी ही ठेव नव्हे, असे तुम्ही स्पष्ट सांगितले. एजंटला हप्त्यावर ४ टक्के कमिशन मिळते हे मला पुढे कळले. हजाराच्या हप्त्यावर पाच वर्षांत त्याचे २,४०० रुपये झाले असते. ते सोडून तुम्ही मला बँकेत जाऊन बारा महिन्यांचे रिकरिंग, म्हणजे बँकेची आवर्ती ठेव, उघडायला सांगितलेत. माझ्या मते या पत्राला एवढे एकच कारण पुरेसे होते.

रिकरिंग ७५० रुपयांचे ठरले, कारण बारा हप्त्यांचे ९,००० होतात आणि फीही तेवढीच होती. व्याजाचे वरचे पैसे वाढलेल्या शुल्काला उपयोगी पडले. उरलेले महिना ४५० आणि मुद्रितशोधनाचे सगळे पैसे पोस्टाच्या साध्या बचत खात्यात ठेवायचे होते. तेथे किमान शिल्लक ५०० रुपये लागते आणि व्याज ४ टक्के मिळते, पण व्याजासाठी ते खाते निवडलेच नव्हते. पैसे काढायला स्लिप भरून रांगेत उभे राहावे लागते, तेवढ्या वेळात निम्म्या गरजा नाहीशा होतात, असे तुम्ही म्हणाला होतात आणि ते खरे निघाले.

सर्वांत उपयोगी पडला तो तुमचा येणे आणि जमा यांतला भेद. मुद्रितशोधनाचे काम श्रावणाच्या आसपास सुरू होते, ऑक्टोबरपर्यंत संपते आणि पैसे येतात ते दिवाळी उलटल्यावर, कधी कधी जानेवारी उजाडल्यावर. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम मंजूर झाली तरी ती आधारशी जोडलेल्या खात्यात कोणत्या महिन्यात पडेल हे सांगता येत नाही. अशी रक्कम वेगळ्या रकान्यात, ‘येणे’ म्हणून लिहायची आणि हातात पडेपर्यंत तिच्या भरवशावर एकही खर्च ठरवायचा नाही, हा तुमचा दंडक होता. त्यामागे तुमच्या आईंची खानावळ होती, हे तुम्ही एकदा सहज बोलून गेलात. गिरणगावातल्या त्या खानावळी उधारीवर चालत. कामगार पगार झाला की पैसे देत आणि तोवर किराण्याचे बिल खानावळवालीच्या डोक्यावर राही. (अशाच बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आमच्या पिढीला सहसा माहीत नसते.) १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि तुमच्या आईंच्या वहीतले येणे वहीतच राहिले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, पण तुम्हाला वही लिहायला शिकवली ती दोन रकान्यांची. माझ्या बारा महिन्यांच्या अंदाजपत्रकात त्या वहीचा एवढा वाटा आहे.

लहानसहान गोष्टी तर किती सांगाव्यात! लोकलचा तिमाही पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट पडतो, म्हणजे सूट तिन्हींत सारखीच, दहा टक्के. मग सुट्टीचे महिने फुकट घालवणारा वार्षिक पास विद्यार्थ्याने कशाला काढावा? करी रोड ते कुर्ला असा विद्यार्थी सवलतीचा तिमाही पास मी तेव्हापासून काढते. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, तेव्हा कुर्ल्याहून कलिन्याला विद्यापीठात जायचा रोजचा खर्च त्याच हिशेबाने मांडायचा, हेही तुम्हीच बजावले होते. खानावळीत आदल्या दिवशी सांगितले तर खाडा धरतात, म्हणजे त्या दिवसाचे पैसे लावत नाहीत, न सांगता गैरहजर राहिले तर धरत नाहीत, म्हणून गावी जाण्याची तारीख आधी खानावळीत आणि मग घरी कळवायची, हा तुमचा सल्ला मी आईला अजून सांगितलेला नाही.

एका बाबतीत मात्र माझे तुमच्याशी जमले नाही. किरकोळ खर्चाचे १,३०० रुपये मी ८०० वर आणू पाहत होते आणि तुम्ही आणू दिले नाहीत. आवळून मांडलेले अंदाजपत्रक तिसऱ्या महिन्यात मोडते, असे तुमचे मत होते. मला अजूनही वाटते की हजारात भागले असते. पण त्याच पैशांतून डिसेंबरात चष्मा बदलून झाला आणि बचत खात्याला हात लावावा लागला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या कॉटवर परभणीची एक मुलगी राहायला आली आहे. ती दिवसा दुकानात काम करते आणि दूरस्थ पद्धतीने बी. कॉम. करते. तिला शिकवणीसारखी ठरावीक रक्कम मिळत नाही, कामावर गेलेल्या दिवसांचेच पैसे मिळतात, तेव्हा तिचे बारा रकाने माझ्यापेक्षा निराळे पडतील आणि ते मला मांडता येत नाहीत. येत्या रविवारी तुमची हप्त्यांची फेरी आटोपल्यावर तिला घेऊन आले तर चालेल का, ते कळवावे. तिला वही आणायला सांगितले आहे.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची कलिन्याची विद्यार्थिनी
लालबाग, मुंबई