डोंगरातली पाटी आणि आपली तंगडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आल्प्समधल्या हट-मुक्कामांवर लेख आला होता. हट म्हणजे डोंगरात उंचावर, चालत येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधलेलं घर. लेख छान आहे, फोटो त्याहून छान. पण त्यातलं एक वाक्य घशाखाली उतरेना. ‘राजगड-तोरणा करणाऱ्याला या वाटा म्हणजे बागेतला फेरफटका’, असं लेखक म्हणतात. मी राजगड-तोरणा केलाय, एकदा नाही, मोजायचं सोडून दिलं इतक्यांदा. वासोटा केलाय, हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेनं चढलोय. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर असतो. गेल्या जुलैच्या सुरुवातीला याच गुर्मीत स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड गावाजवळच्या ग्लेकस्टाइन हटवर गेलो. तिथे काय झालं ते सांगतो.

मुलगा बर्नला नोकरीला असतो. आपली टूरची मंडळी ग्रिंडेलवाल्डवरून युंगफ्राउयोखला रेल्वेनं जातात, बर्फात फोटो काढतात आणि परततात. आम्ही ग्रोसे शायडेग या खिंडीकडे जाणारी बस धरली आणि मधेच उतरलो. तो बस थांबाच मुळी १,५५० मीटरच्या पुढे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जवळजवळ जिथे संपतो तिथे यांची चढाई सुरू होते, आणि हट २,३१७ मीटरवर.

पाटीवर अडीच-तीन तासांची वेळ होती. मी म्हटलं, दोनात काढू. त्या पिवळ्या पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेलीच नसते, हे मला मुलानं वाटेत सांगितलं. सपाटीला ताशी सव्वाचार किलोमीटर चालणारा माणूस धरून तो हिशेब केलेला असतो. पाणी प्यायला थांबलात, तर ती मिनिटं तुमची. आम्हाला साडेचार तास लागले.

वाट अरुंद, कड्याच्या पोटातून कोरलेली. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला काही नाही. नेमक्या वाईट जागी पोलादी तार ठोकलेली. मी आधी तिचे बोल्ट पाहिले, सवयच आहे. काम चोख होतं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, पुढचा माणूस त्या खुंटीपलीकडे गेल्याशिवाय तारेला हात लावू नका.’ दोन खुंट्यांच्या मधे एकच माणूस, म्हणजे एक घसरला तर तारेच्या हिसक्यानं दुसरा जात नाही. पुढे वाट धबधब्याच्या मागून जाते. तिथला दगड पाण्यानं आणि हजारो बुटांनी गुळगुळीत झालेला. माझे बूट सह्याद्रीवाले, रबरी तळाचे, हलके. आपल्या कोरड्या कातळावर ते पालीसारखे चिकटतात. इथे पहिल्याच पावलाला सरकले. तार हातात होती म्हणून हे पत्र लिहितोय. त्यानंतर एका घळीत मागच्या हिवाळ्याचा बर्फ अजून पडलेला. हात-दीड हात रुंदीची पावलवाट त्यावरून, आणि तार नाही. ती तीसेक पावलं मी बसून, सरकत पार केली. लाज वाटली, पण मागून येणाऱ्या दोन तरुण मुलींनीही शेवटी तेच केलं.

खरं तर आदल्या दिवशी मुलानं जागा राखायला फोन केला, तेव्हा हट सांभाळणाऱ्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले होते: किती माणसं, आणि बूट कसले? दुसऱ्या प्रश्नाला मी मागून ओरडलो होतो, ‘चांगले आहेत म्हणावं!’

वाटेच्या सुरुवातीला वेटरहॉर्न या शिखराच्या कड्यावर एका जुन्या लिफ्टच्या वरच्या स्थानकाचे अवशेष दिसतात. १९०८ साली माणसं न्यायला तारेवरची पाळणागाडी सुरू केली होती, ४२० मीटरची उंची उचलणारी. तिला पुढे या हटपर्यंत न्यायचं होतं. पहिलं महायुद्ध आलं, प्रवासी आटले, गाडी बंद पडली. आपण यंत्रावरची माणसं, मला ते भग्न स्थानक डोंगराइतकंच आवडलं.

हटवर बूट दारातच काढायचे, तिथल्या सपाता घालायच्या. वहीत नाव, आलात कुठून, उद्या जाणार कुठे, हे लिहायचं. हा उपचार नव्हे. कुणी पोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या वहीवरून ठरतं. अंथरूण त्यांचं, त्यात शिरून झोपायची कापडी पिशवी आपली. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं, तर मॅक्रोनी, बटाटा आणि चीज एकत्र शिजवलेलं आलं, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. भूक होती म्हणून गेलं.

संध्याकाळी हटजवळच्या दगडांवरचं मीठ चाटायला आयबेक्स आले, वाकड्या भल्यामोठ्या शिंगांचे रानबोकड. एके काळी स्वित्झर्लंडमध्ये शिकारीनं हे पार संपले होते. १९०६ साली इटलीच्या राजाच्या शिकारवनातून पिल्लं चोरून आणली, त्यांची ही पुढची पिढी. चोरीचा माल इतका डौलदार मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी उतरताना गुडघ्यांनी जी भाषा केली ती छापण्याजोगी नाही.

तेव्हा लेखकांना विनंती, पुढच्या भागात पाट्यांच्या रंगांचं तरी लिहा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: तोल हवा, डोळे गरगरायला नकोत, बूट घट्ट हवेत. ग्लेकस्टाइनची वाट या मधल्या रंगाची आहे, बरं का. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर वाटाड्या आणि दोर नसताना मागे वळायचं. हटला आदल्या दिवशी फोन करून वाटेवर बर्फ किती ते विचारायचं, बेत रद्द झाला तर तेही कळवायचं. हेलिकॉप्टर बचावाचा क्रमांक १४१४.

नवे बूट मी तिथेच घेतले आणि तिथेच ठेवून आलो. ते घालून अजिंक्यताऱ्यावर गेलो असतो तर पहाटेच्या मंडळींनी महिनाभर चहा पाजायला लावला असता.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा