लहान दुकानांतल्या कामगारांनी तक्रार कुणाकडे न्यायची?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की इंदूरच्या राजवाडा, शीतलामाता बाजार आणि एम. टी. क्लॉथ मार्केटच्या दुकानांत दोन-तीन महिन्यांच्या बोलीवर मुले-मुली कामाला ठेवली जातात. नेमणूकपत्र बहुतेकांना मिळत नाही, हजेरी मालकाच्या वहीत असते आणि पगार रोख हाती पडतो. अशा ठिकाणी कुणी एखाद्याची जात काढली, कुणी मुलीच्या अंगचटीला गेले, पायाने अधू असलेल्या मुलाला ‘गिऱ्हाइकासमोर नको’ म्हणून गोदामात पाठवले किंवा दिवस गेल्याचे कळताच एखादीला उद्यापासून येऊ नको असे सांगितले, तर त्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? याचे उत्तर कामगाराला ठाऊक नसते आणि पुष्कळदा मालकालाही नसते. कायद्यात मात्र ते बऱ्याच अंशी आहे. त्याविषयी आपल्या दैनिकातून चार गोष्टी मांडू इच्छिते.

इंदूरमधल्या एका खासगी आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर मी बाह्य सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतील नावे व मजकूर उघड करता येत नाही, त्यामुळे तिथल्या कोणत्याही प्रकरणाविषयी मी इथे लिहिणार नाही. एवढे मात्र आठवण म्हणून नोंदवते की, हा कायदा सहजासहजी आलेला नाही. राजस्थानात साथिन, म्हणजे शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातली गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भँवरी देवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला, त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि त्या तत्त्वांचा कायदा व्हायला आणखी १६ वर्षे गेली.

कायद्याची रचना मुळात चांगली आहे. जिथे १० किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची, वरिष्ठ पदावरील महिलेने तिचे अध्यक्षपद सांभाळायचे, निदान निम्म्या सदस्य महिला असायच्या आणि एक सदस्य बाहेरचा घ्यायचा. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यावी लागते, आणि उशिराचे कारण पटले तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यापुढच्या १० दिवसांत आणि मालकाची कार्यवाही ६० दिवसांत पुरी व्हायला हवी. समितीच न नेमणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रत्यक्षात ही घडी विस्कटते ती तक्रार दाखल होण्याच्या आधीच. निरनिराळ्या समित्यांवर काम करणाऱ्या भगिनींशी बोलताना एकच चित्र पुन्हा पुन्हा पुढे येते. मुलगी पहिल्यांदा बोलते ती डबा खाताना, मैत्रिणीपाशी, हळू आवाजात. मैत्रीण तिला मनुष्यबळ विभागात घेऊन जाते. तिथे विचारले जाणारे पहिले वाक्य असते, “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” आणि दुसरे असते, “लेखी दे, मग बघू.” तिला लिहिता येत नसेल किंवा काय लिहावे ते सुचत नसेल, तर तक्रार लिहून घेण्यास समितीने मदत केलीच पाहिजे, असे कायदा सांगतो, तिला ते कुणी सांगत नाही. चौकशी चालू असताना ती दुसऱ्या विभागात बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजा मागू शकते, हेही तिला ठाऊक नसते. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच करता येतो आणि पैसे देऊन मिटवणे हा त्याचा आधार असू शकत नाही. तरीही ‘आपसात मिटवून टाका, बाहेर बोभाटा नको’ हा सूर वरूनच निघतो. आणि तक्रार सिद्ध झाली नाही की लगेच तिला खोटारडी ठरवले जाते, जरी पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी मानता येत नाही असे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. समितीच्या अध्यक्षेची स्वतःची पगारवाढ ज्या साहेबाच्या हातात आहे, त्याच साहेबाविरुद्ध तक्रार आली तर तिने किती ताठ उभे राहावे, याची अपेक्षाही आपण विचार करूनच ठेवली पाहिजे. बाहेरच्या सदस्याचे महत्त्व इथे आहे, आणि म्हणूनच ती जागा ओळखीपाळखीच्या माणसाने भरली जाऊ नये.

तरीही मोठ्या आस्थापनांत निदान समिती नावाची वस्तू असते. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना तर २०२२-२३ पासून आपल्या वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या आणि भेदभावाच्या किती तक्रारी आल्या व किती निकाली निघाल्या, हे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीला आणि भागधारकांना सांगावे लागते. माझी खरी काळजी आहे ती दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाची.

अशा दुकानांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. घरकाम करणाऱ्या बायकाही तिच्याकडे जाऊ शकतात. शहरात वॉर्डनिहाय नोडल अधिकारी नेमून त्याने आलेली तक्रार ७ दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी तरतूद आहे, आणि ती नुसती कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना पुन्हा बजावले आहे. मध्यंतरी साडी घेताना काउंटरमागच्या मुलीशी बोलता बोलता मी स्थानिक समितीचा विषय काढला. ती म्हणाली, “कमिटी? ताई, ते सगळं सुपर कॉरिडॉरच्या मोठ्या आयटी कंपन्यांत असतं.” तिच्या पायांशी एक लाकडी स्टूल उलटे करून ठेवले होते. मालक गल्ल्यावर असताना त्यावर बसायचे नाही, असा दुकानाचा दंडक. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणे मालकावर कायद्याने बंधनकारक केले. मध्य प्रदेशानेही ते करायला काय हरकत आहे?

आपल्याकडची मोठी अडचण अशी की, हक्क प्रत्येकाला आहे, पण दाद मिळते ती डोकी मोजून. अंतर्गत समितीसाठी १० माणसे लागतात. नव्या औद्योगिक संबंध संहितेतली तक्रार निवारण समिती २० कामगारांपासून पुढे. दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारी नेमण्याची सक्ती खासगी आस्थापनांत पुन्हा २० जणांपासून. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव झाल्यास ऐकून घेणारा तक्रार अधिकारी सर्वसाधारण आस्थापनांत १०० माणसांवर. याला एक अपवाद आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितले आहे, मग तिथे माणसे किती का असेनात. म्हणजे आकड्याची अट न घालताही कायदा करता येतो. तो पाळला जातो का, हे आपल्या बाजारातल्या कोणत्याही दुकानात चौकशी करून पाहावे.

भेदभावाचे कारण धर्म, प्रांत किंवा भाषा असेल तर परिस्थिती आणखी बिकट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या शीतलामाता बाजारातल्या कपड्यांच्या दुकानांतून मुस्लिम सेल्समनना काढून टाकण्यात येत असल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. वर्षानुवर्षे एकाच काउंटरवर उभी राहिलेली माणसे, कामात काही कसूर नसताना, केवळ नावावरून घरी बसावीत, ही गोष्ट इंदूरच्या व्यापाराला शोभणारी नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याहून चिंतेची बाब ही की, अशा माणसाला न्याय कुठे मिळेल, हे वकीलही चटकन सांगू शकत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, जात किंवा जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला दुकानात शिरण्यापासून अडवता येत नाही. गिऱ्हाइकाला असलेले हे संरक्षण काउंटरच्या आत उभ्या असलेल्या कामगाराला त्याच्या नोकरीसाठी मिळत नाही, कारण समान संधीची घटनेतली हमी शासकीय नोकरीपुरती आहे. अस्पृश्यतेच्या आचरणाविरुद्ध १९५५ चा आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. स्त्री-पुरुषांच्या वेतनात व भरतीत भेद करण्यास वेतन संहिता मनाई करते. पण धर्मावरून काढले म्हणून खासगी मालकाला जाब विचारणारा सर्वसाधारण कायदा नाही. फार तर नोटीस दिली नाही, नुकसानभरपाई दिली नाही, एवढ्या मुद्द्यावर कामगार भांडू शकतो. भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भेदभावविरोधी करार १९६० मध्येच मान्य केला आहे, आणि त्यात धर्म व सामाजिक मूळ ही कारणे स्पष्टपणे आहेत. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. २०१७ मध्ये लोकसभेत एका खासदाराचे भेदभावविरोधी खासगी विधेयकही मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. हा कायदा व्हायला हवा, आणि त्याची मागणी फक्त ज्यांची नोकरी गेली त्यांनीच करावी असे नाही.

कुणी म्हणेल, मानवाधिकार आयोग आहे ना? आयोगाची मर्यादा समजून घेतली पाहिजे. १९९३ च्या कायद्याप्रमाणे तो लोकसेवकाने केलेले उल्लंघन किंवा ते रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगय पाहतो, आणि तेही घटनेपासून एका वर्षाच्या आत. खासगी दुकानदाराला तो थेट बोलावू शकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये व्यवसाय आणि मानवाधिकार यांविषयी जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत शासनाने संरक्षण करावे, व्यवसायाने आदर राखावा आणि बाधिताला दाद मिळावी, असे तीन भाग आहेत. आपल्याकडे पाणी मुरते ते या तिसऱ्या भागात.

दाद उशिरा मिळणे म्हणजे काय, हे इंदूरला सांगावे लागू नये. हुकुमचंद मिल बंद पडल्यावर तिथल्या ४,८०० कामगारांची थकबाकी, २२४ कोटी रुपये, २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाली, तोवर तीन दशके उलटली होती आणि कितीतरी हक्कदार हयात नव्हते. दुकानातल्या मुलीला तर तीन महिनेही थांबणे परवडत नाही. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी ‘काम कमी झालंय’ म्हणून तिला घरी पाठवले जाते, आणि बाजारात सगळे मालक एकमेकांना ओळखत असल्याने शेजारच्या दुकानाचे दारही बंद होते. तक्रार करणाऱ्याचे काम चौकशी संपेपर्यंत सुटणार नाही, याची हमी मिळाल्याखेरीज बाकीच्या तरतुदी वापरायला कुणी पुढे येणार नाही.

यासाठी माझी पहिली विनंती जिल्हाधिकाऱ्यांना आहे. स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि वॉर्डातील नोडल अधिकाऱ्याचा पत्ता हिंदीत आणि शक्य तिथे मराठीत छापून प्रत्येक बाजारात, झोन कार्यालयात आणि बसथांब्यांवर लावावा. तो मोती तबेल्यातल्या जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकापुरता राहू नये. आपल्या महापालिकेचे ‘इंदौर ३११’ हे अॅप कचऱ्याची आणि बंद पथदिव्याची तक्रार घरबसल्या घेते, आणि लोक ते विश्वासाने वापरतात. त्याच अॅपवरून तक्रारदाराला स्थानिक समितीपर्यंत पोहोचवणारी सोय, अर्थातच नावाची गुप्तता राखून, करता येणार नाही का? राज्याच्या श्रम आयुक्तांचे कार्यालय भोपाळला नसून आपल्याच शहरात आहे, त्यामुळे दुकानांच्या तपासणीत समितीचा फलक आणि नेमणूकपत्रे पाहण्याची सुरुवात इंदूरपासून व्हायला अडचण नसावी.

दुसरी विनंती व्यापारी संघटनांना. एकेका दुकानात समिती होऊ शकत नसेल तर संपूर्ण बाजाराने मिळून एक तक्रार मंडळ नेमावे. त्यात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे असावेत, महिला असाव्यात, वेगवेगळ्या समाजांची माणसे असावीत आणि अध्यक्ष त्या बाजारात दुकान नसलेला, शक्यतो निवृत्त न्यायिक अधिकारी असावा. धर्म, जात, प्रांत किंवा अपंगत्व यांवरून कुणाला काढल्याची तक्रार आली तर त्या मंडळाने ती १५ दिवसांत ऐकावी आणि तोवर त्या माणसाला कामावर ठेवावे. स्थानिक समितीचे कायदेशीर अधिकार या मंडळाला नसतील आणि लैंगिक छळाची तक्रार त्याने तिकडेच सोपवली पाहिजे, पण ज्या भेदभावासाठी आज कोणतेच दार नाही, त्यासाठी निदान एक उघडेल. दर तिमाहीला किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या, एवढा आकडा, नावे वगळून, संघटनेने आपल्या दैनिकाकडे पाठवावा आणि आपण तो छापावा, अशी आपल्यालाही विनंती आहे.

रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर भागांतल्या आपल्या मराठी मंडळांनीही यात वाटा उचलावा. आपल्या कितीतरी मुली या दुकानांत, दवाखान्यांत आणि कोचिंगच्या कार्यालयांत नोकरी करतात. मंडळातल्या एखाद्या वकील भगिनीने महिन्यातून एक संध्याकाळ तक्रार अर्ज लिहून देण्यासाठी दिली, तर ३ महिन्यांची मुदत टळून जाण्याचे प्रकार कमी होतील.

आपली विश्वासू,
अंतर्गत समितीची एक बाह्य सदस्य, इंदूर