गोळ्या लपवू नको ग

बाय,

काल फोनवर तू म्हणालीस गणपतीला आले की शुगरच्या गोळ्या माडीवर जाऊन घेईन, काकीला नि बाकी चाकरमान्यांना काही बोलू नको, तेव्हा बाजूला माणसं होती म्हणून मी जास्त बोलले नाही पण रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितेय. फोनवर तू मधेच तोडतेस, हे शेवटपर्यंत वाच.

लपवू नको ग. कोणाला बोलावून सांगत बसायची गरज नाही, पण लपवायचं पण नाही. मोठ्या आत्याचं तुला धड आठवत नसेल, तू लहान होतीस. तिला इन्सुलिन चालू झालेलं, आणि घरातल्या लग्नात एवढ्या पाहुण्यांत सुई कुठे टोचू, लोक काय म्हणतील, म्हणून लग्नाचे सगळे दिवस तिने ते घेतलंच नाही, जेवण मात्र पंगतीत सगळ्यांबरोबर. सत्यनारायणाच्या दिवशी उलट्या सुरू, तोंड सुकलेलं, बोलणं असंबद्ध, रातोरात गाडी करून अॅडमिट करायला लागलं. वाचली. पण मला अजून राग येतो तो तिला आधीपासून 'सुई लागली म्हणजे आता संपलंच' असं ऐकवणाऱ्यांचा. टाइप टू डायबिटीसमध्ये वर्षं गेली की बऱ्याच जणांच्या शरीरात इन्सुलिन बनणंच कमी होत जातं, मग ते बाहेरून द्यायला लागतं, त्यात त्या माणसाने काय गुन्हा केला?

आणि तुला विचारणार, मला माहितीय, 'एवढी बारीक तू, ह्या वयात साखर कशी झाली गे तुका?' मग कोणीतरी म्हणणार मुंबईत पिझ्झा नि कोल्ड्रिंक खाऊन. ऐकून मान खाली घालू नको. तुझ्या आजोबांना होती, मला आहे, आईवडिलांत असली की मुलांना धोका वाढतोच. आणि बारीक माणसाला होत नाही हे तर साफ चूक. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी किती वर्षं ह्याच्यावर काम केलंय, आपल्याकडची बाळं वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा कमी भरतात पण त्या मानाने अंगात चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे वरून सडपातळ दिसणाऱ्यालाही शुगर होते. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा, मोठा सर्व्हे आला त्यात देशात १० कोटींच्या वर डायबिटीसवाले निघाले, आणि सगळ्यात जास्त प्रमाण कुठे तर आपल्या शेजारी गोव्यात, शंभरात २६. म्हणजे आपल्या आरतीला जेवढी माणसं जमतात त्यातही काही जणांना असणार, काही तर तपासायलाच गेलेली नसणार.

हरतालकेचं मात्र नीट ऐक. काकी म्हणणार लग्नाची पोर आहे, निर्जळ उपास धर. तुझ्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे, ती पोटात अन्न नसताना घेतली तर शुगर खाली जाते, ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारूनच, माझ्या मते करूच नको. पर्समध्ये ग्लुकोज ठेव, तसं वाटलं तर तीन चमचे पाण्यात घालून पी नि पंधरा मिनिटांनी परत चेक कर. हे घरात चार जणांना माहीत असायला हवं, म्हणून पण लपवायचं नाही, कळलं?

मोदक तू खा. एक, जेवणाबरोबर, आणि त्या वेळी भात कमी घे. गुळाचा आहे म्हणून चालतो असं म्हणून दोन-तीन वाढतील, गुळाने पण शुगर तेवढीच चढते, आणि दुसरीकडे कोणीतरी एक पण खाऊ देणार नाही, ताटातलं बघत बसतील. दोघांनाही शांतपणे सांग, माझं मला कळतं. गौरी गेल्यावर बांगडा, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी सगळं करते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर घेऊन घरी येणारे येतील, कारल्याची भाजी मी पण करते पण त्यासाठी गोळी बंद करायची नाही.

राहिलं लग्नाचं. कणकवलीच्या स्थळाकडे मध्यस्थ म्हणाले आत्ताच बोलू नका. मुलाला साखर असती तर कोणी इतकं कुजबुजलं पण नसतं, मुलीला झाली की लगेच मूल होईल का, तिचं सगळं आपल्यालाच करायला लागेल का. मुलं होतात ग, फक्त आधी शुगर कंट्रोलमध्ये आणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे जायचं. सांगायचं कधी नि कोणी ते तू ठरव, मी तुझ्या मागे आहे, पण मला कोणी सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ऐकून जो मागे जाईल त्याला जाऊ दे.

तुझ्या मशीनच्या स्ट्रिप्स इथे मिळत नाहीत, तिकडूनच जास्तीच्या आण. गोळ्यांचा डबा खाली जेवणघरात माझ्या डब्याशेजारी ठेवायचा, मी जागा केलीय. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट कन्फर्म झालं की कळव, बाबा कुडाळला येतील घ्यायला.

तुझी,
आई