तक्त्यातून गळालेले ४३३ दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पुण्याच्या खासदारांवरचा पानभर लेख आणि त्याखालचा रंगीत तक्ता वाचला. कालच लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात पत्र टाकू नका, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर लिहितो आहे. राग आहे तेवढाच आहे.

तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ पाहा. '२०१९ ते २०२४ : गिरीश बापट'. तिच्याखाली लगेच मुरलीधर मोहोळ. अहो, बापट २९ मार्च २०२३ ला गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच पहिलं पान भरून बातमी दिली होती. मग पुढची सव्वा वर्षं लोकसभेत पुण्याच्या खुर्चीवर कोण बसत होतं? ४ जून २०२४ ला निकाल लागेपर्यंत पुण्याला खासदारच नव्हता. कालनिर्णयची दोन वर्षांची पानं काढून मी मोजलं. ४३३ दिवस भरतात. तुमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी एक रेघही नाही.

मी नारायण पेठेत राहतो, म्हणजे विधानसभेला कसब्याचा मतदार. आमच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या आणि २६ फेब्रुवारीला आम्ही पोटनिवडणुकीच्या रांगेत उभे. दोन महिने आणि वर चार दिवस. बापटसाहेब तेव्हा स्वतः आजारी. नाकात ऑक्सिजनची नळी, खाली चाकाची खुर्ची, आणि तशा अवस्थेत ते केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले होते. त्यांच्या पक्षाला मी मत दिलं की नाही हा माझा प्रश्न, पण ते दृश्य बघवत नव्हतं. महिन्याभराने ते गेले तेव्हा मतदानाची शाई माझ्या बोटावर अजून होती, नखाबरोबर वर सरकत चाललेली. म्हटलं, ही पुरती जायच्या आत दुसरी लागणार. कसलं काय! नख वाढलं, शाई कापून गेली, कालनिर्णय बदललं.

नियम काय आहे ते तुमच्या लेखकाला ठाऊक असेलच. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल, तर सूट. आमची तर १४ महिन्यांहून जास्त उरली होती. मग निवडणूक आयोगाने दुसरी पळवाट काढली. आम्ही सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहोत, आणि निवडून येणाऱ्याला जेमतेम तीन-चार महिनेच मिळतील! आधी वेळ काढायचा आणि मग वेळ उरला नाही म्हणायचं. दरम्यान दुसरीकडच्या पोटनिवडणुका घ्यायला बरी सवड मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आयोगाचे कान उपटले आणि ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. झालं. मिटलं. पुण्याच्या निवडणुकांवर पानभर लेख लिहिताना यातलं एक वाक्य घ्यावंसं वाटू नये?

मला हे इतकं का लागलं तेही सांगतो. नोव्हेंबर २०२३. आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाने सांगितलं, पंतप्रधान मदत निधीला अर्ज करा, खासदारांचं पत्र जोडलंत तर बरं. ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला अशी सगळी फाईल घेऊन आम्ही दोघं एका खासदारांच्या कार्यालयात गेलो. कुणाच्या ते सांगत नाही, पक्षही सांगत नाही. दीड तासाने आत बोलावलं. त्यांच्या पीएने आधार कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"मावशी, तुम्ही आमच्या मतदारसंघात येत नाही. तुमच्या खासदारांकडे जा."

"आमचे खासदार वारले," बाई म्हणाल्या.

"मग नवीन आले असतील ना."

"नाही आले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बिचारा खरंच गोंधळला, खोटं कशाला बोलू. "असं कसं होईल?" म्हणाला. मलाही तेच विचारायचं होतं! मग त्याने फाईल सरळ करून, कागदांचे कोपरे जुळवून परत दिली. जिना उतरताना बाईंनी मला विचारलं, "काका, आपला माणूसच नाही का दिल्लीत?" पुढे वाड्यातल्या बिऱ्हाडांनी आणि एका ट्रस्टने पैसे उभे केले, ऑपरेशन झालं, मुलगा आता रिक्षा चालवतो. पण त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं आणि तुमचा तक्ता चुकीचं उत्तर देतो, एवढंच.

लेखात पुण्याला 'अभेद्य बालेकिल्ला' म्हटलं आहे, त्यावरही दोन शब्द. कुणाचा बालेकिल्ला? १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काकासाहेब गाडगीळांसारखा माणूस इथे नानासाहेब गोऱ्यांकडून पडला. १९६७ ला एस. एम. जोशी आले. मोहन धारियांना १९७१ ला काँग्रेसमधून निवडून दिलं आणि १९७७ ला जनता पक्षातून. विठ्ठलराव गाडगीळ तीनदा आले, चौथ्या खेपेला अण्णा जोशी. १९९६ ला बापट पडले आणि कलमाडी आले. त्याच कलमाडींना १९९८ मध्ये भाजप-सेनेने पाठिंबा दिला, तर पुणेकरांनी काँग्रेसचे विठ्ठल तुपे निवडून आणले. लागोपाठ तीनदा एकच पक्ष आला म्हणून बालेकिल्ला म्हणायचं असेल, तर १९८९ साली तुम्ही विठ्ठलरावांनाही हेच म्हटलं असेल. जुने अंक तुमच्याकडे असतीलच, काढून बघा.

आणि हो, तक्ता सुरूच चुकीचा होतो. १९५२ ला पुण्यातून काकासाहेब एकटे नव्हते. ते पुणे मध्यमधून आणि पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव. त्यांचं नाव गाळलंत. आज पुणे म्हणून जो मतदारसंघ आहे त्यातून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही, त्यामुळे या शहराच्या खात्यावर असलेलं एकमेव नाव तुम्ही पुसलंत. बरं, सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, तेव्हा पुण्याचं मत त्यात नव्हतं. बाजूनेही नाही, विरोधातही नाही. सावित्रीबाईंचं पुणे म्हणून दर ३ जानेवारीला तुम्ही चौकट छापता, म्हणून आठवण करून दिली.

चूक कुणाचीही होते. मी चाळीस वर्षं हिशेब तपासनीस होतो, मला बेरजेतल्या चुका समजतात. पण तपासणीत आम्ही जागा रिकामी सोडत नसू, 'निरंक' लिहायचो. तुम्ही दुरुस्ती छापालच अशी आशा आहे. छापाल तेव्हा २९ मार्च २०२३ ते ४ जून २०२४ अशी वेगळी ओळ घाला आणि पुढे 'खासदार नाही' लिहा. बाकीच्या ओळींना पक्षाप्रमाणे रंग दिला आहेत, हिला कोणता द्यायचा ते तुमच्या कलाविभागाला विचारा.

कळावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नारायण पेठ

ता. क. : काकासाहेबांच्या नावाखाली छापलेला फोटो विठ्ठलरावांचा आहे. बाप-लेक दोघेही पुण्याचे खासदार होते हे खरं, पण चष्मे तरी बघायचेत. शिवाय महिनाभर पुरवणीचं मधलं पान जाहिरातीलाच चिकटून येतं. सोडवताना फाटतं, आणि शब्दकोडं नेमकं त्याच पानावर असतं.